मेंदूच्या ऑपरेशननंतरची डोकेदुखी: घरी आल्यापासून सहा आठवडे काय करायचं, कोणत्या क्रमाने

मेंदूचं ऑपरेशन झालेला पेशंट घरी जातो आणि दोन-तीन दिवसांत वॉर्डातला फोन वाजतो. "सिस्टर, बाबांचं डोकं फार दुखतंय, काय देऊ?" मी आधी विचारते, "शेवटची गोळी कधी दिली होती?" पलीकडे शांतता. मग मागून कुणीतरी म्हणतं, "सकाळी दिली ना," आणि दुसरा आवाज येतो, "नाही गं, ती फिटची होती."

न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केल्यावर माझं एकच कळकळीचं सांगणं आहे. दुखण्याची गोळी घड्याळ बघून द्या आणि दुखणं वहीत लिहा. त्याने दुखणं आटोक्यात राहतं. शिवाय साधं दुखणं आणि धोक्याचं दुखणं यांतला फरक घरच्या माणसाला वेळेवर कळतो, आणि तो कळणं जास्त मोलाचं आहे.

हा लेख प्रौढ पेशंटसाठी आहे, ज्यांची कवटी उघडून ऑपरेशन झालं आणि ज्यांना घरी सोडलं आहे. मुलांचे डोस वजनावर ठरतात, त्यांच्यासाठी यातले आकडे वापरू नका. आणि तुमच्या सर्जननी वेगळं लिहून दिलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी एवढं समजून घ्या: दुखतं ते नक्की काय

खुद्द मेंदूला दुखत नाही, त्याला वेदनेच्या नसाच नाहीत. दुखते ती कापलेली टाळू, तिच्याखालचे स्नायू आणि मेंदूवरचं जाड आवरण. म्हणून चीर कुठे आहे त्यावर दुखणं ठरतं. कानाच्या वर-पुढे चीर असेल तर चावायचा स्नायू कापलेला असतो, त्यामुळे जबडा आखडतो आणि तोंड पूर्ण उघडत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला चीर असेल तर मानेचे स्नायू दुखतात, आणि हे दुखणं इतर ठिकाणांपेक्षा जास्त आणि जास्त दिवस राहतं.

दुखण्याचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे पेशंट हॉस्पिटलमध्ये असतानाच, सगळ्यात जास्त असतो. पुढे दोन आठवड्यांत तो उतरत जातो. पण घरी आल्यावर पहिले दोन दिवस दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटतं. तिथे सलाइनमधून औषध चालू होतं, इथे गोळी आहे. तिथे पेशंट पडून होता, इथे उठतो, बसतो, चार माणसांशी बोलतो. वर गाडीचा प्रवास. एवढी वाढ अपेक्षित आहे.

खालच्या गोष्टी विचित्र वाटल्या तरी नेहमीच्या आहेत:

- चिरेच्या मागची टाळू बधिर लागणं, मुंग्या येणं, मधूनच करंट लागल्यासारखी कळ जाणं. कापलेल्या बारीक नसा जोडल्या जात असतात.
- डोकं हलवल्यावर आत टकटक किंवा पाणी हलल्यासारखा आवाज येणं.
- कपाळाजवळ चीर असेल तर त्या बाजूचा डोळा सुजणं, काळानिळा होणं. सूज खाली उतरते म्हणून असं होतं.
- चिरेपासून लांब, डोक्यावर दोन-तीन ठिकाणी खपली दिसणं. ऑपरेशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून जो क्लॅम्प लावतात, त्याच्या टोकांच्या त्या खुणा असतात.

टप्पा १: डिस्चार्जच्या दिवशी, वॉर्ड सोडायच्या आधी

बिल भरायची घाई असते, गाडी खाली उभी असते, आणि सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न राहून जातात. एकाने बिलाकडे जावं, दुसऱ्याने सिस्टरजवळ थांबावं. थांबणारा माणूस तोच हवा जो घरी गोळ्या देणार आहे.

१. औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करा आणि प्रत्येक पाकीट डिस्चार्ज कार्डाशी ताडून बघा. नाव आणि ताकद दोन्ही वाचा. डेक्सामेथासोन ही सूज उतरवणारी स्टेरॉइडची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते तशी चार मिलिग्रॅमचीही असते. आठपट फरक आहे. गडबडीत एकाच्या जागी दुसरं पाकीट आलेलं मी स्वतः पाहिलंय.

२. प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने मराठीत कामाचं नाव लिहा: "दुखणं", "फिट", "सूज", "पित्त". घरात रात्री बारा वाजता इंग्रजी नावं कुणालाच आठवत नाहीत.

३. कार्डावरचं "१-०-१" म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. "एसओएस" म्हणजे गरज पडली तर. पण गरज म्हणजे नेमकी किती, दोन गोळ्यांत किमान किती तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती, हे तीन आकडे विचारून पाकिटावरच लिहून घ्या.

४. आज वॉर्डात शेवटची गोळी किंवा इंजेक्शन किती वाजता दिलं, ते विचारा. घरचं वेळापत्रक तिथून सुरू होतं.

५. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचं काय? रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या ऑपरेशनआधी बहुधा बंद केलेल्या असतात. त्या परत कधी सुरू करायच्या, ती तारीख कार्डावर लिहून घ्या. आपणहून सुरू केल्या तर रक्तस्रावाचा धोका, आणि सुरू करायचंच विसरलं तर हृदयाला धोका. बीपीच्या गोळ्यांचंही असंच विचारून घ्या, कारण चढलेलं बीपी ताज्या ऑपरेशनला चांगलं नाही.

६. कवटीचं हाड परत बसवलंय की काढून ठेवलंय? काढलेलं असेल तर त्या बाजूवर झोपायचं नाही, तिथे दाब किंवा मार लागू द्यायचा नाही.

७. रात्री-बेरात्री फोन कुठे करायचा? घर लांब असेल, म्हणजे ऑपरेशन पुण्यात आणि घर बीड किंवा चंदगडकडे असेल, तर सिटी स्कॅनची सोय असलेलं तुमच्या घराजवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून ठेवा.

तपासा: कार्ड, ऑपरेशनची माहिती आणि शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट यांचे फोटो घरातल्या दोन वेगवेगळ्या फोनमध्ये आहेत का?

प्रवासात पेशंटला पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे टेकवून बसवा. गोळीची वेळ प्रवासात येत असेल तर गोळी आणि पाणी हाताशी ठेवा. स्पीडब्रेकरवर गाडी अगदी हळू घ्यायला सांगा, दर दणक्याला डोक्यात कळ जाते.

टप्पा २: घरात आधी करून ठेवायची तयारी

पलंग. डोकं आणि छाती मिळून साधारण ३० अंश वर हवी. इथली चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते: दोन जाड उशा फक्त मानेखाली घालतात. मान पुढे वाकते, मानेच्या शिरांवर दाब येतो, सकाळी डोकं जास्त दुखतं. घडी घातलेली गोधडी किंवा पातळ गादी कमरेपासून वरपर्यंत उताराने लावा आणि तिच्यावर एकच पातळ उशी ठेवा. हनुवटी छातीला टेकत नाही ना, ते बाजूने उभं राहून बघा.

संडास. भारतीय पद्धतीचा असेल तर सहा आठवड्यांसाठी कमोडची खुर्ची आणा. उकिडवं बसून जोर करणं आणि मग एकदम उठणं या दोन्हींनी डोक्यातला दाब वाढतो.

हाताशी असाव्यात अशा वस्तू: थर्मामीटर, आकडे दिसणारं घड्याळ, पाण्याची बाटली, शंभर पानी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. दोरी हवीच. पेन हरवलं की वही बंद पडते, आणि वही बंद पडली की सगळा अंदाज सुरू होतो.

भेटायला येणारी माणसं. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं वाईट दिसतं, म्हणून पहिल्या आठवड्यात रीघ लागते. दोन माणसं, दहा मिनिटं, आणि बोलणं दुसऱ्या खोलीत. घरातल्या एका ठाम माणसावर हे काम सोपवा. गोंगाट, टीव्ही आणि उजेडाने डोकेदुखी खरोखर वाढते.

टप्पा ३: गोळ्यांचं वेळापत्रक

पहिले चार-पाच दिवस दुखण्याची गोळी "दुखलं तर" द्यायची नाही, ठरल्या वेळी द्यायची. दुखणं वर चढल्यावर तेच औषध कमी काम करतं. पॅरासिटामॉलची गोळी पोटात गेल्यावर काम सुरू करायला अर्धा ते एक तास घेते. दहापैकी आठ दुखत असताना दिली तर तो तास पेशंट तळमळतो, आणि घरचे घाबरून दुसरी गोळी देतात.

समजा कार्डावर पॅरासिटामॉल ६५० दिवसातून चार वेळा आहे. मग वेळा अशा लावा: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री १२. दिवसाचे २,६०० मिलिग्रॅम झाले. निरोगी प्रौढ माणसाची वरची मर्यादा २४ तासांत ४,००० मिलिग्रॅम आहे, पण डॉक्टरांना न विचारता घरी ३,००० च्या पुढे जाऊ नका. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. ती डॉक्टरांकडूनच घ्या.

रात्री बाराला उठवायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. "आत्ता कुठे डोळा लागलाय हो!" पहिल्या तीन-चार रात्री उठवा. गोळी जाते, आणि पेशंट नीट जागा होतो का, हेही कळतं. हाक मारल्यावर डोळे उघडून, नाव सांगून, स्वतःच्या हाताने पाणी पिऊन पुन्हा झोपला की तुम्हीही शांत झोपा.

वहीचं पान असं दिसावं:

सकाळी ६.०० – दुखण्याची गोळी, चहा-बिस्किट. दुखणं ६
सकाळी ७.०० – दुखणं ३
सकाळी ८.०० – फिटची गोळी, सूज उतरायची गोळी, नाश्त्यानंतर
सकाळी ९.३० – अंग पुसलं, पंधरा मिनिटं बसले. दुखणं ५, उजव्या कानामागे
सकाळी १०.०० – पडून राहिले, दुखणं ३. ताप ९८.४
दुपारी १२.०० – दुखण्याची गोळी. दुखणं ४

आकडा शून्य ते दहा: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. काही आजी-आजोबांना हे दहाचं गणित पटत नाही. त्यांना विचारा, "रुपयातले किती आणे दुखतंय?" "बारा आणे" असं उत्तर पटकन येतं. मग वहीत शेवटपर्यंत आणेच लिहा, मध्येच माप बदलू नका. बोलता न येणाऱ्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्या, सारखा डोक्याकडे जाणारा हात, घास नाकारणं, कूस बदलताना कण्हणं, हे लिहा.

आंघोळ, ड्रेसिंग, फिजिओथेरपी अशी हालचाल गोळीनंतर पाऊण-एक तासाने ठेवा. नुसत्या वेळा जुळवल्याने बऱ्याच पेशंटना जादा गोळी लागत नाही.

या टप्प्यावरच्या नेहमीच्या चुका:

"घरात होती ती दिली." आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, डिस्प्रिन. या गोळ्या कमीजास्त प्रमाणात रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतात आणि स्टेरॉइडबरोबर पोटात व्रण करू शकतात. सर्जननी स्वतः लिहून दिल्याशिवाय यातलं काहीही नको. गुडघेदुखीसाठी आजींच्या डब्यात असलेल्या गोळ्या तर या काळात वेगळ्या कपाटात ठेवा.

लपलेलं पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळीत ते असतं, अंगदुखीच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) असतं, ट्रॅमाडॉल या जड दुखण्याच्या औषधाच्या जोडगोळीतही असतं. वेगवेगळ्या नावांच्या तीन गोळ्या दिल्या, पण पोटात तेच औषध तीनदा गेलं, असं होतं. नवीन पाकीट उघडायच्या आधी मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर औषधाच्या दुकानदाराला विचारा.

ट्रॅमाडॉल मागून आणणं. शेजाऱ्याला लागू पडलं म्हणून हे आणू नका. ट्रॅमाडॉलने फिट येण्याची शक्यता वाढते, गुंगी येते, उलट्या होतात, पोट घट्ट होतं. काही पेशंटना डॉक्टर विचार करून देतात, ते वेगळं. दिलं असेल तर लिहिलेल्या डोसपुढे जायचं नाही आणि जोडीला झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नाही.

सहन करणं. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, शेतकरी माणूस. रोज विचारलं की "बरंय की" म्हणायचे. घरी गेल्यावर गोळी नको म्हणाले, "सवय लागते." दुखतंय म्हणून मान हलवेनात, खोकेनात, जेवण अर्ध्यावर आलं, झोप उडाली. आठव्या दिवशी छातीत कफ घेऊन परत आले. त्यांच्या सुनेने मला विचारलं, "ते काहीच बोलले नाहीत, मला कसं कळणार होतं?" ठरलेल्या डोसात थोडे दिवस घेतलेल्या पॅरासिटामॉलची सवय लागत नाही, हे पेशंटला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

सावधान: स्टेरॉइड आणि फिटच्या गोळ्या या दुखण्याच्या गोळ्या नाहीत. "आता दुखत नाही" म्हणून त्या बंद करायच्या नसतात. स्टेरॉइड डॉक्टरांनी लिहिलेल्या पायऱ्यांनीच कमी होतं. एकदम थांबवलं तर मेंदूची सूज परत येऊ शकते, जोडीला प्रचंड थकवा, उलट्या आणि बीपी उतरणं. ते जेवणानंतर द्या आणि शेवटचा डोस शक्यतो संध्याकाळच्या आत द्या, नाहीतर झोप येत नाही. मधुमेह असेल तर साखर चढते, रोज तपासा. फिटच्या लेव्हेटिरासिटामसारख्या गोळीला १२ तासांचं अंतर पाळा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर आपल्या मनाने परत न देता फोन करून विचारा.

टप्पा ४: डोकं जास्त दुखायला लागलं की, गोळीच्या आधी दोन मिनिटं

लोकांचा हात आधी गोळीकडे जातो. आधी बघा, मग गोळी द्या. क्रम असा:

१. हाक मारा. नाव, आत्ता कुठे आहोत, सकाळ की संध्याकाळ, हे विचारा. कालच्यासारखीच उत्तरं आली का?

२. दोन्ही हात समोर उचलून, तळवे वर करून, डोळे मिटून दहा आकडे मोजायला सांगा. एक हात खाली घसरतो का?

३. हसायला सांगा, दात दाखवायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं जातं का? ऑपरेशननंतर आधीच थोडा वाकडेपणा किंवा अशक्तपणा असेल तर डिस्चार्जच्या दिवशी तो कसा होता, त्याच्याशी तुलना करा. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी हीच तपासणी एकदा करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

४. दिसतंय का नीट? एकाचे दोन दिसतात का?

५. ताप मोजा. जखमेकडे बघा: लाली, फुगवटा, पू, ओलावा.

६. बसल्यावर जास्त दुखतं की झोपल्यावर? या एका प्रश्नाने खूप कळतं. बसल्यावर किंवा उभं राहिल्यावर वाढून आडवं झाल्यावर लगेच कमी होत असेल तर मेंदूभोवतीचं पाणी कुठून तरी गळत असण्याची शंका येते. झोपल्यावर, पहाटे, खोकल्यावर वाढत असेल आणि जोडीला उलटी असेल तर आतला दाब वाढल्याची शंका येते.

७. उलटी, फिट, मान आखडणं, उजेड सहन न होणं, असं काही?

सगळं कालच्यासारखंच असेल तर वही उघडा. गोळीची वेळ झाली असेल तर द्या. झाली नसेल तर पडदे ओढा, अंथरुणाचा उतार नीट करा, पाणी द्या, मोबाइल बाजूला ठेवा. एका तासाने पुन्हा आकडा लिहा. दुखणं दोन-तीन आकड्यांनी उतरायला हवं. गोळी, विश्रांती सगळं होऊनही दोन तासांत उतरलं नाही, तर हॉस्पिटलला फोन करा.

टप्पा ५: थेट हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ

खालचं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

- एकाएकी, डोक्यात काहीतरी फुटल्यासारखं, आजवर कधी नव्हतं असं दुखणं.
- उतरत चाललेलं दुखणं परत रोज चढत जाणं.
- वाढती झोप, हाक मारूनही नीट जागं न होणं, असंबद्ध बोलणं.
- वारंवार उलट्या.
- हातापायात नवी कमजोरी, वाचा अडखळणं, तोंड वाकडं होणं, नजर धूसर होणं.
- फिट.
- १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. जोडीला मान ताठ झाली तर एक मिनिटही थांबू नका.
- जखमेतून, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळणं, किंवा घशात सारखं खारट उतरणं. अशा वेळी नाक शिंकरू नका, कापूस कोंबू नका.
- एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं.

फिट आली तर पेशंटला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा. कांदा, चप्पल, चावी हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. ऑपरेशननंतर घरी आलेली पहिलीच फिट असेल, पाच मिनिटांपुढे गेली किंवा लागोपाठ दुसरी आली, तर १०८.

साठीच्या पुढच्या माणसांत आतल्या आत रक्त हळूहळू साचू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी डोकं जड होतं, चाल बिघडते, विसरायला होतं, आणि घरचे "वयच झालं" म्हणून सोडून देतात. वहीतला आकडा वर चाललेला दिसला तर वयावर ढकलू नका, दाखवून आणा.

टप्पा ६: गोळीशिवाय दुखणं कमी करणाऱ्या गोष्टी

मान. मागच्या बाजूचं ऑपरेशन असेल तर मान धरून ठेवायची सवय लागते आणि त्यानेच दुखणं लांबतं. सर्जननी परवानगी दिल्यावर दर दोन तासांनी मान हळूच डावीकडे-उजवीकडे वळवायची, जिथे ओढ लागेल तिथे थांबायचं. खांद्यांवर कोमट कापडाचा शेक चालतो. शेक जखमेवर नको, बधिर भागावरही नको, तिथे भाजलेलं कळत नाही.

जबडा. पहिले दोन आठवडे मऊ खाणं: खिमट, मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी. नंतर डॉक्टरांना विचारून दिवसातून चार-पाच वेळा तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम. आधी दोन बोटं उभी मावली पाहिजेत, मग तीन. हे न केल्यामुळे कायमचा आखडलेला जबडा मी पाहिलाय, आणि तो टाळता आला असता.

थंड शेक. कपड्यात गुंडाळलेला, जखमेपासून दूर, दहा-पंधरा मिनिटं. डोळ्याच्या सुजेलाही बरा.

चहा. दिवसाला सहा कप घेणाऱ्याचा चहा एकदम बंद केला तर त्यानेही डोकं दुखतं. एक-दोन कप चालू ठेवा, फक्त संध्याकाळनंतर नको. पाणी किती प्यायचं ते मात्र कार्डावर बघा, काही पेशंटना मर्यादा घातलेली असते.

चष्मा. काडी जखमेवर टेकते आणि दिवसभर ठणकतं, पण लक्षात कुणाच्याच येत नाही. तेवढ्या बाजूला स्वच्छ मऊ गॉजची घडी ठेवा.

पोट. कुंथल्याने डोक्यातला दाब वाढतो. बद्धकोष्ठाचं औषध लिहून दिलं असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच द्या, तीन दिवस वाट बघू नका. जोडीला पपई, भिजवलेल्या मनुका, पालेभाजी. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर फोन करा.

वाकणं आणि उचलणं. चप्पल बसून घालायची. पडलेली वस्तू दुसऱ्याने द्यायची. भरलेली बादली, कळशी, नातवंड, गॅसची टाकी यांतलं काहीही सर्जननी सांगेपर्यंत उचलायचं नाही.

आणि जे करायचंच नाही: चंपी, तेल, बाम, हळदीचा लेप, जखमेवर भस्म किंवा अंगारा. देवाचा अंगारा कपाळाला लावायचा असेल तर जखम पूर्ण भरू द्या, तोवर तो देवघरात ठेवा. कपालभाती, शीर्षासन, सर्वांगासन नको. नाकातून ऑपरेशन झालेल्यांनी जलनेती, तपकीर, नाक शिंकरणं पूर्ण बंद, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

टप्पा ७: गोळ्या कमी करणं

सलग दोन दिवस वहीतला आकडा तीनच्या खाली राहिला की सुरुवात करा. आधी जी सगळ्यात जड गोळी आहे, म्हणजे ट्रॅमाडॉलसारखी, ती डॉक्टरांना विचारून कमी करायची. मग पॅरासिटामॉलचा दुपारचा डोस सोडायचा. दोन दिवसांनी मध्यरात्रीचा, आणि संध्याकाळचा सरकवून झोपताना द्यायचा. सकाळचा शेवटी, कारण उठल्यावरचा तास बहुतेकांना जड जातो. एखादा डोस सोडल्यावर आकडा पुन्हा पाचवर गेला तर तो डोस परत सुरू करून दोन-तीन दिवस थांबा. हरकत नाही.

स्टेरॉइड कमी होत असतानाच्या दिवसांवर वहीत खूण करा. त्या दिवसांत डोकेदुखी पुन्हा डोकावते. ती त्याच दिवसांत आली हे दाखवता आलं तर डॉक्टरांना पायऱ्या बदलता येतात.

दुसरं टोकही सांभाळायचंय. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साध्या दुखण्याच्या गोळ्या, किंवा १० दिवस जोडगोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या, असं तीन महिन्यांच्या पुढे चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की दुखणं, दुखलं की गोळी, असं चक्र सुरू होतं. दुसऱ्या महिन्यातही रोज गोळी लागत असेल तर घरात साठा करू नका, डॉक्टरांकडे जा.

टप्पा ८: तपासणीला जाताना

टाके किंवा पिना काढायला साधारण एक ते दोन आठवड्यांत बोलावतात. त्या दिवशी निघायच्या पाऊण तास आधी दुखण्याची गोळी द्या. गाडी पेशंटने चालवायची नाही, दुचाकीवर मागे बसवून न्यायचं नाही, आणि टाळू बरी होईपर्यंत हेल्मेट घालायचं नाही.

डॉक्टरांसमोर "अधूनमधून दुखतं" एवढंच सांगितलं जातं आणि तपासणी पाच मिनिटांत संपते. वहीवरून चार वाक्यं आधीच तयार ठेवा: रोजचा सगळ्यात मोठा आकडा किती आणि किती वाजता, कुठे दुखतं, कशाने वाढतं, आठवड्याला किती गोळ्या लागल्या.

ऑपरेशनच्या डोकेदुखीला साधारण तीन महिने देतात. त्यापुढे राहिली तर तिचे वेगळे उपचार आहेत. करंटसारखी कळ, जळजळ, नुसत्या कंगव्याच्या स्पर्शाने होणारी वेदना हे नसेचं दुखणं आहे. त्यावर पॅरासिटामॉल फारसं चालत नाही. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधं किंवा डोक्यामागच्या नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन डॉक्टर सुचवू शकतात. फिटच्या गोळ्या चालू असताना यातलं काय जमेल, ते त्यांनीच ठरवायचं. तुम्ही फक्त "दुखतं" असं न सांगता कसं दुखतं ते सांगा: ठणकतं, दाबल्यासारखं, जळतं, की करंट लागतो. आणि नवीन गोळी सुरू झाली की त्या दिवशी वहीचं नवं पान काढून वर तारीख टाका.